दिवसअखेरचे स्नान

धर्मशास्त्रकारांनी स्नानाचा जितका बारकाईने विचार केला आहे, तितका माणसाच्या दुसऱ्या एखाद्या शारीरिक क्रियेचा क्वचितच केला असेल. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विचाराचा जो आढावा घेतला आहे, त्यात स्नानाचे सहा प्रकार येतात : नित्य, नैमित्तिक, काम्य, क्रियांग, मलापकर्षण आणि क्रियास्नान. रोज सकाळी करावयाचे ते नित्य. सुतक, ग्रहण किंवा निषिद्ध स्पर्श अशा निमित्ताने करावयाचे ते नैमित्तिक. एखादे फळ मनात धरून विशिष्ट तिथीस करावयाचे ते काम्य. धर्मकृत्याचा पूर्वभाग म्हणून केलेले ते क्रियांग, आणि तीर्थात स्नान हेच ज्यात मुख्य कृत्य असते ते क्रियास्नान. उरले मलापकर्षण, म्हणजे अंगाचा मळ काढण्यासाठी केलेली आंघोळ. शास्त्राने तिला नाव दिले, यादीत बसवले; पुण्याच्या खात्यात मात्र तिच्या नावावर फारसे काही जमा केले नाही. तिचे फळ डोळ्यांना दिसते, आणि जे फळ डोळ्यांना दिसते ते सांगण्यासाठी शास्त्राची आज्ञा लागत नाही, असा मीमांसकांचा सरळ तर्क यामागे आहे.

दिवसभर राबून आलेल्या माणसाची संध्याकाळची आंघोळ या उपेक्षित प्रकारात मोडते. तिच्यात मंत्र नाही, संकल्प नाही, पुढे करावयाचे धर्मकृत्य नाही. दार लावून घ्यावे, अंगावरचे कपडे उतरवावेत, दोन-चार तांबे पाणी डोक्यावरून सोडावे आणि दिवस संपला असे शरीराला कळू द्यावे, एवढाच तिचा हेतू. हा हेतू नीतिविचाराच्या कक्षेत येतो की नाही, असा प्रश्न आहे. केवळ सुखाची गोष्ट म्हणून ती बाजूस सारावी, की माणसाने माणसाला देणे लागणाऱ्या गोष्टींत तिची गणना करावी?

उत्तराचा एक धागा शास्त्रानेच नकळत हाती दिला आहे. पाणी नसेल किंवा शरीर रुग्ण असेल, तर स्नानाला पर्याय सांगितले आहेत. मंत्रोच्चाराने मांत्र स्नान होते. भस्म लावले की आग्नेय, गाईंच्या खुरांची धूळ अंगावर घेतली की वायव्य, ऊन असताना पडणाऱ्या पावसात उभे राहिले की दिव्य स्नान घडते. आणि विष्णूचे चिंतन केले तर मानस स्नानही होते. ही यादी करणाऱ्यांच्या उदार व्यवहारबुद्धीचे कौतुकच केले पाहिजे. अवर्षणाच्या देशात शुद्धीची वाट बंद होऊ नये, ही काळजी त्यांनी घेतली. परंतु हे सारे पर्याय शुद्धीचे आहेत. भट्टीपुढे दहा तास बसलेल्या माणसाच्या मानेवरचा घाम मानस स्नानाने उतरत नाही, आणि गोधुळीने तो अधिकच चिकट होतो. ज्या स्नानाला शास्त्राने महत्त्व दिले ते पाण्यावाचून होऊ शकते; ज्याला दिले नाही ते मात्र पाण्यावाचून होऊच शकत नाही. ज्या गरजेला पर्याय नाही तिचा हक्क पर्याय असलेल्या गरजेच्या आधी मानावा, हे तत्त्व मान्य असेल, तर या सहा स्नानांचा क्रम बराच बदलावा लागेल.

मराठी घरांत संध्याकाळच्या आंघोळीची रीत फारशी नव्हती. सकाळी बंब पेटायचा, घंगाळात कढत पाणी यायचे, त्यात विसण पडायचे आणि घरातील माणसे एकामागून एक आंघोळ उरकायची. संध्याकाळी शेतातून आलेला माणूस अंगणातल्या दगडावर उभा राहून हातपाय धुवायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि दिवेलागणीला घरात यायचा. पाण्याची टंचाई आणि सकाळच्या स्नानाचे धार्मिक वजन ही दोन्ही कारणे त्यामागे असावीत. सकाळचे स्नान कामाच्या आधीचे आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याचे काम अंग मळवीत नाही त्याला सकाळचे स्नान दिवसभर पुरते. लोहार, कुंभार, चर्मकार, गिरणीत कापसाच्या तंतूंनी माखून निघणारा कामगार, यांना ते पुरत नाही. स्नानाचे पुण्य दिवसाच्या ज्या टोकाला ठेवले गेले, ते टोक कोणाच्या सोयीचे होते हे निराळे सांगावयास नको.

रोममध्येही जुनी चाल अशीच होती. सेनेकाने आपल्या शहाऐंशीव्या पत्रात स्किपिओच्या जुन्या घरातील स्नानगृहाचे वर्णन केले आहे. जागा लहान, अंधारी. भिंतीला खिडक्या कसल्या, नुसत्या फटी. हॅनिबलला हरविणारा सेनापती शेतात राबून थकल्यावर तेथे अंग धुवी. त्या काळचे रोमन रोज हातपाय धुवीत आणि आठवड्याच्या बाजारी सर्वांग न्हात, असेही सेनेका सांगतो आणि आपल्या काळातील संगमरवरी, चकचकीत स्नानगृहांना त्या अंधाऱ्या खोलीपुढे उभे करून लाजवितो. त्याचा उपदेश रास्त आहे. स्किपिओ घाम धुवावयास जाई, अत्तर धुवावयास नव्हे, हा त्याने केलेला भेद आजही उपयोगी पडेल. परंतु त्या लहान खोलीपर्यंत पाणी कोण वाहून नेत होते, आणि दिवसअखेर त्या माणसाला न्हावयाला काय उरत होते, हे सेनेकाने विचारले नाही. साधेपणाची स्तुती करणाऱ्यांकडून हा प्रश्न बहुधा राहून जातो.

चेन्नईत हा प्रश्न राहून जाणे कठीण आहे. समुद्राला लागून असलेल्या या शहरात हवाच पाण्याने जड झालेली असते. घाम येतो पण वाळत नाही, आणि थकवा जणू कातडीवर बसून राहतो. मे महिन्यातील ज्या दिवसांना तेथे 'अग्निनक्षत्रम्' म्हणतात, त्या दिवसांत संध्याकाळची आंघोळ ही चैन आहे असे कोणीही म्हणणार नाही. तमिळमध्ये न्हाण्याला 'कुळि' म्हणतात आणि थंडाव्याला 'कुळिर्'. दोन्ही शब्दांचे कूळ एकच मानण्याचा मोह व्हावा इतके ते जवळचे आहेत. अभ्यंगाचे महत्त्वही तेथे मोठे. दीपावलीच्या सकाळी लोक एकमेकांना 'गंगास्नानम् आच्चा?', म्हणजे गंगास्नान झाले का, असे विचारतात. गंगा हजारांवर मैल दूर. परंतु त्या दिवशी घरातल्या तेल-शिकेकाईच्या पाण्यात ती उतरते अशी श्रद्धा आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावणाऱ्या मराठी माणसाला हे परके वाटू नये.

परके न वाटणारी मराठी माणसे तेथे आहेतही. तंजावरच्या भोसल्यांबरोबर गेलेल्या घराण्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिच्याहून अलीकडची आणि कमी सांगितली गेलेली गोष्ट गलाईवाल्यांची. सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी या तालुक्यांतून सोने-चांदी गाळण्याचे काम करणारी माणसे देशभर पसरली. केरळात, आंध्रात, तमिळनाडूत, आणि चेन्नईच्या सौकारपेठेतही. सौकारपेठ म्हणजे सावकारांची पेठ. जुन्या मद्रासमधील सराफी व्यापाराचे ठाणे. अरुंद बोळ, वर-खाली दुकाने, आणि त्यांच्यामागे कोंदट खोल्यांतून पेटलेल्या भट्ट्या. चांदी वितळावयास ९६२ अंश सेल्सिअस लागतात, सोन्याला १०६४. मुशीतला धातू रसरसून येईपर्यंत माणूस तिच्यासमोरून हलू शकत नाही. जोडीला शोरा-तेजाबाची वाफ. पुष्कळदा काम करावयाची आणि झोपावयाची जागा एकच असते, त्यामुळे दिवस संपला हे सांगणारी वेळ कोणती, तर अंगावर पाणी पडते ती.

या धंद्यातील आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. सोन्याच्या कामाच्या जागी केर टाकून देत नाहीत आणि हातपाय धुतलेले पाणीही सहसा वाया घालवीत नाहीत. त्यात सोन्याचा कण असतो. तो काढण्याचे काम करणाऱ्या झारेकऱ्यांचा मराठीत स्वतंत्र धंदाच होऊन गेला. कामगाराच्या अंगावरून उतरलेल्या पाण्याला किंमत आहे, ती त्यातील सोन्यामुळे. घामाची अशी काही किंमत धरण्याची पद्धत अजून निघालेली नाही.

ही माणसे आपला मुलूख सोडून का गेली? पाणी नव्हते म्हणून. माणदेशाच्या दुष्काळाने गाव कसे उठते, हे व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ मधील 'बनगरवाडी'च्या वाचकांना सांगावयास नको. माडगुळे आटपाडी तालुक्यातच येते. सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागातून कृष्णा भरून वाहते, पूर्वेचे पठार उंचावर कोरडे राहते. नदी जिल्ह्याची आहे, पण तिचे पाणी चढण चढत नाही. ते चढवावे आणि केवळ जमीनमालकाला नव्हे, तर प्रत्येक कुटुंबाला समान वाटून द्यावे, यासाठी नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली आटपाडी परिसरात १९९० नंतरच्या दशकात मोठी चळवळ उभी राहिली. कराडजवळच्या टेंभूहून पाणी उचलणारी उपसा योजना हाती घेतली गेली आणि टप्प्याटप्प्याने, बऱ्याच वर्षांनी, पाणी वर आले. तोवर दोन पिढ्या मुशी घेऊन परमुलखात गेल्या होत्या.

आणि चेन्नईत त्यांना काय भेटले? कृष्णाच भेटली. मद्रासची तहान भागविण्यासाठी १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तिन्ही राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी देण्याचे मान्य केले. पुढे १९८३ मध्ये आंध्र आणि तमिळनाडू यांच्यात करार झाला. पंधरातील तीन टीएमसी वाटेत बाष्प होऊन जाईल असे गृहीत धरून बारा टीएमसी सीमेवर पोहोचते करावयाचे ठरले. श्रीशैलमच्या जलाशयातून सोमशिला, तेथून कंडलेरू आणि तेथून कालव्याने पूंडी, अशी ही तेलुगू गंगा १९९६ मध्ये प्रथम तमिळनाडूत उतरली. ठरलेले सर्व पाणी क्वचितच आले. तरीही शहराच्या नळांत आणि टँकरांत त्याचा अंश मिसळत राहिला. महाबळेश्वरी उगम पावून कराड-सांगलीवरून जाणारी जी नदी आटपाडीच्या पठारावर चढू शकली नाही, ती कालव्यांतून शेकडो मैल वळसा घेऊन सौकारपेठेतल्या गलाईवाल्याच्या बादलीत येऊ शकली. त्याच्या गावाला जे पाणी नाकारले गेले त्यातलेच थोडे त्याच्या शहराला मिळाले. यात दैवाचा विनोद पाहावा असे वाटेल. पण दैवाचा संबंध यात फारसा नाही. पाणी शहराकडे वाहते, कारण शहरात ते मागण्याचा आवाज मोठा असतो आणि पैसा अधिक असतो.

म्हणजे संध्याकाळच्या त्या एका बादलीमागे कोणाची तरी न भिजलेली जमीन असते. चेन्नईपुरते बोलावयाचे तर ही यादी लांब आहे. कडलूर जिल्ह्यातील वीराणम् तलाव चोळांच्या काळी शेतीसाठी बांधला गेला. २००४ पासून त्याचे पाणी दोनशेहून अधिक किलोमीटरच्या नळाने राजधानीत येऊ लागले. शहराच्या आसपासच्या गावांतील विहिरी उपसून टँकर भरू लागले, तेव्हा भूजलाच्या उपशावर बंधन घालणारा कायदा १९८७ मध्ये करावा लागला. कोमल स्वामीनाथन यांच्या 'तण्णीर तण्णीर' या १९८० मधील नाटकात, आणि पुढच्याच वर्षी के. बालचंदर यांनी त्यावर केलेल्या चित्रपटात, पाण्यासाठी झगडणारे एक खेडे आहे. ते पाहणाऱ्या शहरी प्रेक्षकांतील किती जणांना घरी परतल्यावर न्हाणीघराचा नळ सोडताना संकोच वाटला असेल, कोण जाणे.

२०१९ च्या जूनमध्ये हा संकोच सक्तीचा झाला. पूंडी, चोळवरम्, पुळल आणि चेंबरम्बाक्कम् या चार जलाशयांत मिळून त्यांच्या क्षमतेच्या एक टक्क्याहूनही कमी पाणी उरले. कचेऱ्यांनी आपल्या माणसांना घरूनच काम करावयास सांगितले, खाणावळींनी जेवणाचे पदार्थ कमी केले, आणि रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरींच्या रांगा टँकरची वाट पाहत गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची पहिली पाणीगाडी आली. तिने सुमारे २५ लाख लिटर पाणी आणले. पंधरा लिटरची बादली धरली तर एक लाख सहासष्ट हजार बादल्या, आणि महानगराची वस्ती त्याच्या कितीतरी पट. ज्या वेल्लूर जिल्ह्यातून ही गाडी निघाली तेथे आमचेच घसे कोरडे असताना हे पाणी का नेता, असे सूर उमटले. मराठी वाचकाला हे दृश्य नवे नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला अशीच पाणीगाडी धावली होती. तीही कृष्णेचेच पाणी घेऊन.

अशा वेळी आंघोळीचे सुख अपराधी वाटू लागते, आणि ते तसे वाटावे असे सांगणारे नीतिमार्तंडही पुढे येतात. त्यांचे म्हणणे थोडे तपासले पाहिजे. मळ निघण्यापुरते पाणी ही गरज आणि त्यापुढचे सारे चैन, अशी रेघ ते ओढतात. परंतु बादलीने आंघोळ करणाऱ्या कोणत्याही माणसाकडे पाहावे. साबण निघून गेलेला असतो, अंग स्वच्छ झालेले असते, आणि तळाशी दोन तांबे पाणी उरलेले असते. तो बादली दोन्ही हातांनी उचलतो आणि ते पाणी एकदम डोक्यावरून ओततो. त्या पाण्याने मळ निघत नाही. कपाळावरची शीर सैल होते, खांदे खाली येतात, तोंडून नकळत एखादा हुंकार निघतो. दिवसभर ज्याच्या शरीराचा मालक दुसरा कोणी होता, त्याला ते शरीर परत मिळते. हे शेवटचे दोन तांबे गरजेच्या रेघेबाहेर टाकले, तर श्रम करणाऱ्या माणसाला एक यंत्र मानावे लागेल. यंत्रालाही धुवून पुसून ठेवावे लागते, फक्त त्याला विसावा लागत नाही.

रेघ नाहीच असे मात्र नाही. बादलीला तळ आहे. तिच्यातील सुख किती उरले ते डोळ्यांना दिसते, आणि शेवटचा तांबा शेवटचा आहे हे ठाऊक असल्यामुळेच तो गोड लागतो. डोक्यावर फवारा सोडून वीस-वीस मिनिटे उभे राहणाऱ्याला, किंवा टबात मान टेकून पडणाऱ्याला, हा तळ दिसत नाही. नागरी पाणीपुरवठ्याच्या सरकारी मानकांत माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलेले असते, तर खेड्यांसाठी २०१९ च्या जलजीवन मिशनने ५५ लिटर धरले. शहराचा माणूस खेड्यातल्या माणसाहून अडीचपट मळतो, असा याचा अर्थ कोणी काढणार नाही. भरलेला टब तर या दोन्ही आकड्यांना एका वेळी गिळू शकतो. तेव्हा दोष सुखात नसून मोजमाप सुटण्यात आहे. ज्याला आपल्या सुखाचा तळ दिसतो त्याला दुसऱ्याची रिकामी बादलीही दिसण्याचा संभव अधिक असतो. संभवच म्हणावयाचे, खात्री नाही. तळ दिसत असूनही दुसऱ्याकडे न पाहणारी माणसे सर्वत्र असतात.

या न्यायाने पाहू गेल्यास संध्याकाळच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, याचे उत्तर चेन्नईत फार दूर शोधावे लागत नाही. जो शहराच्या गटारात उतरतो त्याचा. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. गटारात मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या मार्चमध्ये दिला. तरीही अशा मृत्यूंच्या सरकारी नोंदींत तमिळनाडूचे नाव वरच्या क्रमांकांत राहिले. ज्यांच्या आंघोळीचे पाणी गटारात जाते त्यांच्यासाठी तो खाली उतरतो, आणि वर आल्यावर त्याच्या वस्तीत अनेकदा नळाला धार नसते. घागरीत उरलेल्या पाण्यातून स्वयंपाकाचे आधी काढून ठेवावे लागते. नैमित्तिक स्नानाच्या नियमांत जुन्या शास्त्राने याच माणसाच्या स्पर्शाला निमित्त ठरविले होते. त्याला शिवले तर दुसऱ्याने न्हावे, एवढे त्यात लिहिले आहे. खुद्द त्याने कामावरून आल्यावर कोठे न्हावे, हे लिहिलेले नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ च्या मार्चमध्ये जो प्रश्न विचारला गेला तो पिण्याच्या पाण्याचा होता. अंग धुवावयाच्या पाण्याचा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो, आणि तो इतका घरगुती वाटतो की त्यासाठी सत्याग्रह करावयाचे कोणाला सुचत नाही.

चेन्नईने दरम्यान एक निराळी गोष्ट केली आहे. कोडुंगैयूर आणि कोयंबेडू येथे सांडपाणी गाळून पुन्हा वापरण्याजोगे करण्याचे दोन मोठे प्रकल्प २०१९ च्या सुमारास उभे राहिले. प्रत्येकाची क्षमता रोज साडेचार कोटी लिटर. तेथून पाणी मणली आणि श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांकडे जाते, आणि तेवढे गोडे पाणी शहरासाठी मोकळे होते. आदल्या रात्री कोणाच्या तरी खांद्यावरून ओघळलेले पाणी दुसऱ्या दिवशी यंत्रे थंड करीत असते, आणि त्या यंत्रांपाशी उभा असलेला कामगार पाळी सुटण्याची वाट पाहत असतो. घरी गेल्यावर टँकर येऊन गेलेला असेल की नाही, हे त्याला अजून ठाऊक नसते.